गिरणगावची शाळा आणि दिपोटीचे शेरेबुक

एखादी शाळा चांगली की वाईट, हे कोणी आणि कोणत्या मापाने ठरवावे, हा प्रश्न महाराष्ट्रात सरकारी शाळा जन्मास येण्यापूर्वी फारसा कोणाला पडत नसावा. पंतोजीची शाळा गावाच्या डोळ्यांदेखत एखाद्या ओसरीवर किंवा देवळाच्या पडवीत भरत असे, त्याचे वेतन धान्याच्या नि पैशांच्या रूपाने घरोघरून येत असे, आणि मुलगा पावकी-निमकी न अडखळता म्हणतो की नाही, घरी आलेले मोडी पत्र त्यास लागते की नाही, याची परीक्षा घरातील वडीलधारी माणसे दिवेलागणीनंतर स्वतःच घेत असत. मात्र ही व्यवस्था ज्या घरात अक्षर अगोदरच नांदत होते त्याच घरापुरती पुरेशी होती, ही गोष्ट तिची स्तुती करणारे बहुधा विसरतात. ज्या घरात परीक्षा घेणारे वडीलच निरक्षर होते, त्या घरचा मुलगा पंतोजीपुढे बसलेला नसेच, आणि चुकून बसलाच तर त्यास काय आले व काय आले नाही हे सांगणारे घरात कोणी नसे.

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे मुंबईचे गव्हर्नर असताना, पेशवाईच्या अस्तानंतर अवघ्या पाच-सहा वर्षांत, ह्या देशी शाळांची चौकशी सुरू झाली, आणि जिल्ह्याजिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांकडून आलेल्या कैफियतींवरून इलाख्यात १,७०५ शाळा व ३५,१४३ विद्यार्थी असल्याचा हिशेब मांडण्यात आला. शाळा किती, मुले किती, मास्तरास मिळते काय, असे त्या चौकशीचे प्रश्न होते. ज्या कारभाराने नुकतीच जमाबंदी हाती घेतली होती त्याने शाळेकडेही मोजदादीच्या दृष्टीने पाहावे हे स्वाभाविकच होते, परंतु मोजता येईल तेवढेच विचारण्याची जी सवय तेव्हा दफ्तरास जडली ती पुढे दीडशे-दोनशे वर्षे सुटली नाही.

बोर्ड ऑफ एज्युकेशनच्या अमदानीत बाळशास्त्री जांभेकर आणि दादोबा पांडुरंग यांच्यासारख्या विद्वानांनी शाळातपासणीचे काम केले होते. त्यांच्या विद्वत्तेचा धाक आणि विद्येविषयीची त्यांची कळकळ ही दोन्ही त्या कामात उतरली असतील यात शंका नाही. पुढे १८५४ च्या वुडसाहेबांच्या खलित्यानंतर १८५५ साली मुंबई इलाख्यात स्वतंत्र शिक्षणखाते निघाले, आणि त्याच्या माथ्यावर डायरेक्टर, त्याच्या हाताखाली इन्स्पेक्टर आणि इन्स्पेक्टराच्या हाताखाली, लोक ज्याला दिपोटी म्हणत तो डेप्युटी इन्स्पेक्टर, अशी उतरंड लागली. मराठी शाळेच्या दृष्टीने ह्या उतरंडीत खरे वजन दिपोटीचे होते. तो वर्षातून एकदा येई, आणि तो येणार ही वार्ता आठ-पंधरा दिवस आधी येई. मग भिंतींना चुना लागे, जमीन सारवली जाई, मास्तर घरोघर फिरून गैरहजर मुले गोळा करीत, धीट मुलांना पुढच्या रांगेत बसवून त्यांच्याकडून तोच धडा पुन्हा पुन्हा घोकून घेत, आणि ज्यांना जोडाक्षर फुटत नसे अशांना त्या दिवशी घरीच राहण्याची सूचना हळूच मिळे. दिपोटी आल्यावर प्रथम हजेरीपट उघडला जाई, मांडलेल्या संख्येची समोरच्या मुलांशी रुजुवात होई, मग वाचन, शुद्धलेखन, तोंडचे हिशेब, नकाशा असा क्रम चाले, आणि अखेरीस शेरेबुकात चार ओळी पडत: हजेरी बरी, शुद्धलेखन कच्चे, उजळणी समाधानकारक. त्या चार ओळींवर मास्तराची बढती, बदली आणि कित्येकदा अब्रूही अवलंबून असे.

अब्रूबरोबर पैसाही अवलंबून होता, आणि ह्या व्यवस्थेचे मर्म तेथे आहे. इंग्लंडात रॉबर्ट लो यांनी १८६२ साली निकालानुसार अनुदान देण्याची पद्धती अमलात आणली. तिच्या मुळाशी असलेला विचार असा की, सरकारने शाळेला जो पैसा द्यावयाचा तो उत्तीर्ण झालेल्या डोक्यांगणिक मोजून द्यावा, म्हणजे तिजोरीची फसवणूक होणार नाही. मॅथ्यू आर्नल्ड हे कवी व टीकाकार म्हणून जगास ठाऊक असले तरी आयुष्याची पस्तीस वर्षे त्यांनी शाळातपासनिसाची नोकरी केली, आणि ह्या पद्धतीने अध्यापन यांत्रिक होते, परीक्षेच्या दिवसापुरते पढविणे हेच शिकविणे ठरते, असा निषेध त्यांनी सरकारी नोकरीत असतानाही नोंदवून ठेवला. त्याच दशकात निकालानुसार अनुदानाचे नियम मुंबई इलाख्यातही आले, आणि मराठी शाळांच्या मास्तरांच्या मुशाहिऱ्यातील काही भागही हजेरीवर व वार्षिक परीक्षेच्या निकालावर टांगून ठेवण्याची रीत पडली. लॉर्ड कर्झन यांच्या १९०४ च्या शिक्षणविषयक ठरावानंतर ती पद्धत मागे पडली खरी, पण चाळीस वर्षांत तिने मास्तरांच्या मनावर जे संस्कार केले ते ठरावाने पुसले जाण्यासारखे नव्हते. ज्या वस्तीत मुले पोट भरून शाळेत येतात, संध्याकाळी घरात त्यांचा अभ्यास घेणारे कोणी असते, तेथे ही पद्धत मास्तराला फार तर आळसापासून वाचवी. ज्या वस्तीत तसे नाही तेथे ती त्याला कच्च्या मुलाचा शत्रू करी, कारण ते मूल शिकविण्यास सर्वांत अधिक श्रम लागत आणि त्याच्यापासून प्राप्ती सर्वांत कमी होई.

ह्या स्थितीविषयी सर्वांत स्पष्ट बोलणारा आवाज १८८२ साली पुण्यातून उठला. सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर रोजी जे निवेदन सादर केले, त्याचा उल्लेख सक्तीच्या शिक्षणाची मागणी म्हणून आपल्याकडे वारंवार होतो आणि तो यथार्थही आहे; परंतु त्यांनी त्यात तपासणीविषयी जे लिहिले आहे त्याकडे मात्र लक्ष क्वचितच जाते. प्राथमिक शाळांवरील देखरेख सदोष व अपुरी आहे, दिपोटीच्या वर्षातील एका भेटीने म्हणण्यासारखा लाभ होत नाही, निदान तीन महिन्यांतून एकदा तरी शाळा तपासली गेली पाहिजे, आणि आगाऊ वर्दी न देताही भेटी झाल्या पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे होते. जिल्ह्याच्या व गावच्या अंमलदारांवर हे काम सोपविण्यात अर्थ नाही, कारण त्यांच्यामागे शंभर कामे असतात आणि त्यांची परीक्षा वरवरची होते, हेही त्यांनी बजावले होते.

वरकरणी पाहता हे मत कोणा कडक अंमलदाराचे वाटेल. पण त्याच निवेदनात मास्तराचा पगार बारा रुपयांहून कमी असू नये, गरिबांची मुले शाळेकडे ओढली जावीत म्हणून शिष्यवृत्त्या व बक्षिसे ठेवावीत, मोडी-बाळबोधीबरोबर शेतीचे नि आरोग्याचेही धडे असावेत, गुरे राखण्यासाठी मुले घरी ठेवावी लागणाऱ्या आईबापांची अडचण ओळखावी, ही सर्व कलमे जेव्हा आपण जोडून वाचतो, तेव्हा जोतीरावांच्या मनातील तपासणीचे स्वरूप स्पष्ट होते. ज्याला अक्षर ठाऊक नाही अशा बापाने आपला मुलगा शाळेत पाठवला, तर त्याच्या वतीने शाळेकडे पाहणारे कोणीतरी असले पाहिजे; जे काम साक्षर घरात वडील करतात ते निरक्षर घरासाठी तपासनिसाने करावयाचे, आणि म्हणूनच ते वारंवार, अनपेक्षितपणे व जाणतेपणाने व्हावयाचे. सरकारी दिपोटी तिजोरीच्या वतीने येत होता. जोतीरावांना हवा असलेला तपासनीस मुलाच्या बापाच्या वतीने येणार होता. माझ्या मते शाळातपासणीच्या आपल्या संपूर्ण इतिहासात ह्याहून महत्त्वाचा भेद नाही.

त्यांनी आणखी एक गोष्ट मागितली होती, जी मिळाली नाही. मोठ्या शहरांतील म्युनिसिपालिट्यांनी प्राथमिक शाळांचा खर्च द्यावा, परंतु कारभार सर्वस्वी त्यांच्या हाती देऊ नये, असे त्यांचे मत होते. आयोगाचा कल मात्र प्राथमिक शिक्षण स्थानिक संस्थांकडे सोपविण्याकडे झुकला, आणि १८८८ च्या मुंबई महापालिकेच्या कायद्याने प्राथमिक शाळा चालविणे व त्यांस साहाय्य करणे हे महापालिकेचे आवश्यक कर्तव्य ठरले. मुंबईच्या गिरणगावातील लहान म्युनिसिपल शाळेची कहाणी येथून सुरू होते.

परळ, लालबाग, शिवडी, नायगाव, वरळी, डिलाइल रोड ह्या टापूंत गिरण्यांची धुरांडी जशी वाढत गेली, तशी रत्नागिरी, सातारा आणि देशावरील इतर भागांतून आलेल्या माणसांनी चाळी भरून गेल्या. ह्या वस्तीच्या मुलाला शाळा मिळण्याआधी गिरणी मिळाली होती. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांच्या मुलासही कामावर घेण्यास मुभा होती आणि त्याच्याकडून दिवसाला नऊ तास काम घेता येत असे. १८९१ साली ती वयोमर्यादा नऊवर व तास सातावर आले. बारा वर्षांखालील मुलास गिरणीचे दार बंद झाले ते १९२२ साली. तोपर्यंत शाळेच्या पटावरून मुलाचे नाव का गळाले, ह्या प्रश्नाचे उत्तर बहुधा जवळच्याच गिरणीच्या मस्टरवर सापडले असते. त्यातून १८९६ साली प्लेग आला आणि शहर ओस पडले. आणि प्लेग नसला तरीही ही वस्ती कधीच पुरती शहराची झालेली नव्हती: शिमग्याला, पेरणीला, गणपतीला माणसे गावी जात, आईच्या पाठोपाठ मूल जाई, बापाची नोकरी बदलीची असली तर त्याचे परतणेही अनिश्चित असे, आणि दोन महिन्यांनी मूल शाळेत परत येई तेव्हा मास्तर त्याच्या नावापुढे गैरहजेरीची रांग घालून बसलेला असे किंवा ते नावच कमी केलेले असे.

अशा वस्तीतील म्युनिसिपल शाळा बहुधा भाड्याच्या जागेत भरे. खाली दुकान, शेजारी खानावळ, खिडकीखाली ट्रामचा रस्ता, आणि वर्गात लहान भावंडाला कडेवर घेऊन आलेली मुलगी, कारण तिने शाळेत यावे असे वाटत असेल तर त्या भावंडालाही येऊ देणे भाग होते. ज्या मास्तराने ते येऊ दिले त्याने शेरेबुकाच्या दृष्टीने शिस्त मोडली. पण ती मुलगी चौथीपर्यंत टिकली असेल तर त्या सवलतीमुळेच टिकली असेल. गिरणगावाच्या कडेकडेने पसरलेल्या कामाठीपुऱ्यात तेलुगू बोलणारी, धारावीत तामीळ बोलणारी, मदनपुऱ्यात उर्दू बोलणारी कष्टकरी वस्ती होती, आणि पुढे महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांतून चालू लागल्या, ही ह्या शहराच्या कारभारातील मोठी उदारता होय, तिचे श्रेय देण्यास संकोच करू नये.

अस्पृश्य मानलेल्या घरच्या मुलास सार्वजनिक पैशाने चाललेल्या शाळेचे दार मोकळे आहे की नाही, हा प्रश्न १८५६ साली धारवाडात एका महार मुलाच्या अर्जाने उभा केला होता. तत्त्वतः त्याचे उत्तर लौकरच मिळाले, परंतु उत्तर आणि बाक यांच्यामध्ये फार वर्षे गेली. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळीची पहिली शाळा १९०६ साली काढली ती परळातच, आणि सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा व शाळा अस्पृश्यांस खुल्या कराव्यात हा ठराव १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात संमत करून घेणारे सीताराम केशव बोले हेही गिरणगावच्या कामगारांचेच पुढारी होते. शाळेची तपासणी करताना पटावर मुले किती हे पाहिले जाई, ती कोणाची मुले आहेत आणि कोठे बसविली आहेत हे पाहणे ज्यांनी तपासनिसांस शिकविले त्यांत ह्या दोघांचा क्रम फार वर लागतो.

गोखल्यांचे सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक १९१२ साली कायदेमंडळात १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले होते. त्यानंतर मुंबई शहरापुरता प्राथमिक शिक्षणाचा कायदा १९२० साली झाला, आणि १९२५ साली एफ व जी ह्या दोन वॉर्डांत, म्हणजे नेमक्या गिरणगावात, सक्ती प्रथम लागू करण्यात आली. श्रीमंत वस्ती सोडून जेथे गरज सर्वाधिक तेथे आरंभ करण्याचा हा निर्णय शहाणपणाचा होता. पण सक्तीने शाळेच्या मूल्यमापनाची रीत बदलली नाही, उलट पटाचे महत्त्व शतगुणित केले. मूल आणणे हे आता कायद्याचे काम झाले, त्याला टिकविणे हे मात्र मास्तराच्या मनोधर्मावर राहिले.

चार वर्षांनी, सायमन कमिशनच्या साहाय्यासाठी नेमलेल्या सर फिलिप हारटॉग यांच्या समितीने एक आकडा प्रसिद्ध केला, जो पुढे शिक्षणावर लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी बसला: १९२२-२३ साली पहिलीत असलेल्या शंभर मुलांपैकी १९२५-२६ साली चौथीत पोहोचलेली मुले अवघी अठरा. उरलेल्यांवर झालेला खर्च वाया गेला, कारण चौथीपूर्वी सुटलेल्या मुलाचे अक्षर टिकत नाही, असे समितीचे मत. म्हणून नव्या शाळा काढण्याची घाई सोडून आहेत त्या शाळा मजबूत कराव्यात, असा तिचा सल्ला. गळती आणि साचणूक ह्या दोन रकान्यांनी त्यानंतर प्रत्येक गरीब वस्तीच्या शाळेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले.

ह्या निष्कर्षाला ज्यांनी अभ्यासपूर्वक विरोध केला, त्यांत मुंबई म्युनिसिपालिटीच्या शाळाखात्याचा कारभार ज्यांनी आतून पाहिला होता असे रा. वि. परुळेकर अग्रभागी होते. हजारो मुलांना शाळाच नसताना दर्जाच्या नावाखाली विस्तार थांबविणे हा अन्याय आहे, प्रसंगी एकाच इमारतीत दोन पाळ्या भरवा, वर्ग मोठे करा, पण मूल दाराबाहेर ठेवू नका, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. १९३४ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा बहुजनशिक्षणावरील इंग्रजी ग्रंथ त्याची साक्ष देतो. ज्या देशी शाळांच्या चौकशीचा उल्लेख वर केला आहे तिचे कागद दफ्तरातून शोधून प्रकाशात आणण्याचे श्रमही त्यांनीच घेतले, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते. शाळा मोजण्याची परंपरा ज्याला मुळापासून ठाऊक होती त्यालाच तिच्या मापाबद्दल संशय घेता आला. परुळेकरांची बाजू मला न्यायाची वाटते. मात्र एक गोष्ट तिच्या सोबत बोलली पाहिजे: दोन पाळ्यांची आणि मोठ्या वर्गांची किंमत ज्याने दिली तो गिरणगावातलाच मुलगा होता, कारण संपन्न वस्तीतील पालकांनी ती किंमत देण्याचे केव्हाच नाकारले असते.

हारटॉग समितीच्या रकान्यात नारायण सुर्वे कोठे बसतात, हे पाहण्यासारखे आहे. गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणीकामगाराने उचलून वाढविलेले हे पोर गिरणगावात शिकले, चौथीनंतर, पालनकर्ता गावी परतल्यावर, शाळेबाहेर पडले आणि मिळेल ते काम करू लागले. तपासनिसाच्या दप्तरात ती निव्वळ गळती. पण हेच पोर पुढे म्युनिसिपल शाळेत शिपाई झाले, सातवीची परीक्षा देऊन त्याच महापालिकेच्या शाळेत मास्तर झाले, आणि 'माझे विद्यापीठ' हा त्यांचा काव्यसंग्रह १९६६ साली मराठी वाचकांच्या हाती आला. एका असामान्य माणसावरून सर्वसामान्य नियम काढू नये हे मला मान्य आहे, आणि सुर्व्यांच्या यशाने त्यांच्या वर्गातील इतर गळालेल्या मुलांचा हिशेब चुकता होत नाही. तथापि शाळेने चार वर्षांत दिलेले अक्षर वीस वर्षांनी कोणते काम करील, हे वार्षिक तपासणीच्या कोष्टकास दिसू शकत नाही, एवढे तर ह्या उदाहरणावरून मानावेच लागते.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपाने सुमारे अडीच लाख कामगारांची चूल विझली, आणि पुढील वर्षांत गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. चाळीतले कुटुंब कोकणात परतले, किंवा विरार-डोंबिवलीकडे गेले. ज्यांना शक्य झाले त्यांनी मुले इंग्रजी शाळेत घातली. आणि एके काळी दोन पाळ्यांत न मावणाऱ्या मराठी म्युनिसिपल शाळा आक्रसत गेल्या. आता त्यांत बसतात ती बहुतेक नव्या गरिबांची मुले: इमारतीच्या कामावर आलेल्यांची, फेरीवाल्यांची, घरकाम करणाऱ्या बायांची. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली तेव्हा खोट्या नावांचा प्रचंड फुगवटा उघडकीस आला, आणि अनुदान व पगार पटावर टांगले की पट फुगतो, ही एकोणिसाव्या शतकातील गोष्ट पुन्हा एकदा सिद्ध झाली. प्रामाणिक लहान शाळेला त्याच पटाचा दुसऱ्या बाजूने जाच होतो: २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक, म्हणजे पाच इयत्ता दोघांत वाटून घ्यावयाच्या, आणि मग त्या शाळेचा निकाल शेजारच्या भरगच्च शाळेच्या निकालाशी एकाच कोष्टकात ताडून पाहावयाचा.

त्याच कायद्याने मात्र एक जुनी उणीव भरून काढण्याची सोय ठेवली आहे. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत, असे त्यात सांगितले आहे. म्हणजे ज्याच्या वतीने तपासणी व्हावी असे जोतीरावांना वाटत होते, तो आईबाप प्रथमच कायद्याने तपासणीच्या खोलीत आला आहे. पण समितीची बैठक सकाळी अकराला बोलावली की चार घरची धुणीभांडी करणारी आई येऊ शकत नाही, तिची सही मागाहून घेतली जाते, आणि तपासनिसाचा अहवाल हेडमास्तरांच्या कपाटात राहतो. बैठक तिच्या सुटीच्या वेळी भरवावी, अहवाल तिच्यापुढे मोठ्याने वाचून दाखवावा, आणि तिचे मूल गेल्या जूनमध्ये काय वाचू शकत होते व आज काय वाचू शकते हे त्या मुलाकडूनच तिच्यासमोर वाचवून घ्यावे, ही मागणी परळ-शिवडीच्या शाळांत आज करावयाची आहे, आणि ती पुरी करण्यास कोणत्याही नव्या कायद्याची किंवा मंजुरीची गरज नाही.